हलक्या रायफलीची परीक्षा कशी घ्यावी?

प्रश्न असा आहे. एका गृहस्थांनी .२२३ रेमिंग्टन काडतुसाची हलकी बोल्ट रायफल (दर गोळीला बोल्ट हाताने मागे-पुढे करायची) घेतली. स्कोप (वरची दुर्बीण) सोडून वजन २.७ किलो, नळी बारीक. १०० यार्डांवर पहिल्या तीन गोळ्या इंचाच्या आत बसतात. चौथी वर-उजवीकडे जाते, पाचवी त्याहून वर, आणि पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर, अडीच इंचांवर जातो. दीड तासात त्यांनी ४० काडतुसं झाडली. मध्ये एकदा जेवायला थांबले, तर परत आल्यावर पहिल्या तीन पुन्हा एकत्र. शेवटी शेवटी मात्र त्या तीनही नीट बसेनात. बायपॉड (रायफलीला पुढे लावायचे दोन पाय) सिमेंटच्या टेबलावर ठेवला होता. दुकानदार म्हणतो जाड नळी बसवून घ्या, मित्र म्हणतो काडतूस बदल. ते विचारतात, रायफल परत करू का?

करू नका. निदान एवढ्या पुराव्यावर तरी नाही. गेली बरीच वर्षं मी लोकांच्या शिकारी रायफली रेंजवर तपासून देतो, आणि ‘तीन चांगल्या, मग भरकटते’ ही तक्रार हलक्या रायफलीबाबत इतक्या वेळा ऐकली आहे की समोरचा माणूस बोलायला लागला की चौथी गोळी कुठल्या बाजूला गेली एवढंच विचारतो. तुम्ही या रायफलीची परीक्षा घेतलीत खरी, पण प्रश्नपत्रिका जड रायफलीची दिलीत.

अशी रायफल घेतात ती व्हार्मिंटसाठी. व्हार्मिंट म्हणजे कुरणाला, पिकाला, कोंबड्या-कोकरांना त्रास देणारे लहान प्राणी. त्यांची शिकार दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी होते. एक, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुरणांत प्रेअरी डॉगच्या (बिळात राहणाऱ्या खारीच्या जातीच्या प्राण्याच्या) वसाहतीसमोर टेबल मांडून बसायचं आणि दिवसभर मारत राहायचं. तिथे दिवसाला शंभर-दोनशे काडतुसं सहज जातात. तिथली रायफल चार-पाच किलोंची, नळी जाड; ती कुणी खांद्यावर घेऊन हिंडत नाही. दुसरी तऱ्हा चालण्याची. कुंपणाच्या कडेकडेने वुडचक (बिळं करणारी जाडजूड खार) शोधत जायचं, किंवा झुडपाआड बसून आवाज काढून कोयोटीला (कोल्ह्यासारख्या प्राण्याला) जवळ बोलवायचं. इथे दिवसभरात एक गोळी सुटते, फार तर लगोलग दुसरी. एखादे दिवशी एकही नाही. तुमची रायफल या दुसऱ्या कामाची आहे. तिला विचारायचा प्रश्न एवढाच, की थंड नळीतून निघालेली पहिली गोळी कुठे जाते, आणि आज जिथे गेली तिथेच ती पुढच्या आठवड्यात, गारठ्यात आणि उन्हातही जाते का.

अर्थात बरंच काही तुमच्यावर अवलंबून आहे. तुम्हाला खरोखर प्रेअरी डॉगच्या वसाहतीसमोर बसायचं असेल तर दुकानदाराचं अर्ध बरोबर आहे. अर्धच, कारण हलक्या रायफलीला जाड नळी बसवण्यापेक्षा ती ठेवून जड रायफल वेगळी घेतलेली बरी. दुसरं, चौथी-पाचवी गोळी दर वेळी त्याच दिशेला जात असेल तर तो उष्णतेचा परिणाम. कधी वर, कधी डावीकडे, कधी खाली अशी जात असेल तर काहीतरी ढिलं आहे, किंवा हात दमला आहे. आणि तिसरं, थंड नळीतल्या पहिल्या गोळ्याच रोज वेगळ्या जागी पडत असतील, तर मीही म्हणेन की परत करा. पण हे तिन्ही वेगळे करून पाहायला तुम्ही दीड तासात जे केलंत ते पुरत नाही. ४० काडतुसांमधून तुम्हाला फार तर दोनदा थंड नळीची खबर मिळाली: सुरुवातीला आणि जेवणानंतर.

आधी उष्णतेचं बोलू. नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. २१ मिलिमीटर जाडीची नळी १५ मिलिमीटरच्या नळीशेजारी ठेवली तर दीडपटही जाड दिसत नाही, पण तेवढ्याच लांबीला ती जवळजवळ चौपट ताठ असते. वजन जास्त म्हणून तेवढीच दारू जळली तरी कमी तापते, आणि तापली तरी कमी वाकते. बारीक नळीला हे दोन्ही फायदे नाहीत. त्यातून नळी सरळ करताना धातूत राहून गेलेला ताण, भोक किंचित एका बाजूला असल्यामुळे कमी-जास्त झालेली भिंतीची जाडी, किंवा दस्त्याला (नळी ज्यात बसते त्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या अंगाला) एकाच ठिकाणी होणारा स्पर्श, यांतलं काहीही असलं की नळी तापताना ठरावीक बाजूला कलते. म्हणूनच तुमची चौथी गोळी वर-उजवीकडे गेली यापेक्षा ती दर वेळी तिकडेच जाते का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. .२२३ मध्ये साधारण २५ ग्रेन, म्हणजे दीड-पावणेदोन ग्रॅम दारू असते. हीच रायफल .२२-२५० मध्ये घेतली असतीत तर दर गोळीला ३५ ग्रेनच्या आसपास जळली असती, आणि तिसरी गोळीसुद्धा संशयास्पद ठरली असती. म्हणजे कॅलिबर निवडताना तुम्ही नकळत शहाणपणाच केला आहे.

तापलेली नळी आणखी दोन गंमती करते, आणि त्यांचा दोष नळीच्या माथी येतो. एक म्हणजे नळीवरून वर उठणारी गरम हवा. ती स्कोपच्या पुढच्या भिंगासमोरूनच जाते आणि कागदावरचा ठिपका पाण्याखाली असल्यासारखा लहरतो. तुम्ही नेम धरता तो ठिपक्याच्या प्रतिमेवर, ठिपका असतो जरासा दुसरीकडे. जाड पुठ्ठ्याची पट्टी स्कोपच्या तोंडापासून पुढे नळीवर लांबीच्या दिशेने सपाट बांधली तरी हे बरंच कमी होतं. शिकारीत तिचा उपयोग नाही, पण रेंजवर खरा दोषी कोण ते कळतं. दुसरी गंमत तुमच्या हातून होते. गरम चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, काडतूस भरायचं आणि मग वारा पाहत, श्वास आवरत मिनिटभर बसायचं. तेवढ्यात दारू तापते, वेग वाढतो आणि गोळी वर जाते. नळी गरम असेल तर नेम लावून झाल्यावर काडतूस आत ढकला, आणि काही कारणाने थांबावं लागलं तर बाहेर काढा. काडतुसांची पेटी उन्हात ठेवू नका, हेही त्यातलंच.

आता रायफलीची तपासणी. ही गोळी मारण्याआधी करायची. लोक नंतर करतात. रायफल रिकामी आहे ना, ते डोळ्याने आणि बोटाने पाहा, मगच हात लावा. साध्या कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून पुढून मागे सरकवा. चेंबरच्या जवळपास जाईपर्यंत ती कुठेच अडता कामा नये. मग तीच पट्टी रायफल बायपॉडवर टेकवून, पुढे रेलून पुन्हा सरकवा. हलक्या रायफलींचे प्लॅस्टिकचे दस्ते पुढच्या बाजूला इतके लवचीक असतात की हातात धरल्यावर मोकळी असलेली नळी बायपॉडवर भार आला की दस्त्याला टेकते. तुमचा प्रश्न वाचून माझा पहिला संशय इथेच गेला. दस्त्याचे स्क्रू आणि स्कोपच्या रिंगांचे स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या आकड्याला टॉर्कच्या पान्याने आवळा. हाताच्या अंदाजावर माझाही विश्वास नाही, आणि माझा हात पुष्कळ वर्षांचा आहे.

एकदा माझ्याकडे एक अशीच हलकी रायफल आली होती. मालकाने तीन जातींची काडतुसं वापरून पाहिली, एकदा स्कोप बदलला, ग्रुप दोन इंचांच्या खाली येईना. मीही दोन सकाळी घालवल्या आणि नळीच वाईट म्हणून सांगायच्या बेतात होतो. शेवटी स्कोपची बैठक काढली, तर तिचा सगळ्यात पुढचा स्क्रू केसभर लांब निघाला. तो बैठक आवळायच्या आधीच खाली नळीच्या आट्यांवर जाऊन टेकत होता. हाताला घट्ट लागायचा, पण बैठक मात्र त्या टोकाला सैल. दोन आटे कानशीने कमी केले आणि त्याच काडतुसांनी ग्रुप एक इंचावर आला. तेव्हापासून मी स्कोपची बैठक आधी काढून पाहतो, मालक कितीही शपथेवर सांगत असला तरी.

स्कोपचं एकच बघा. पॅरलॅक्स (डोळा हलला की स्कोपमधली फुली निशाणावरून सरकल्यासारखी दिसणं) जुळवायचं चाक नसेल तर तो बहुधा १०० यार्डांना पक्का केलेला असतो. रिमफायरसाठीचा, म्हणजे छोट्या .२२ काडतुसांच्या रायफलीचा, असेल तर ५० यार्डांना. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून डोळा वर-खाली हलवा. फुली ठिपक्यावरून सरकत असेल तर गाल दर वेळी एकाच जागी टेकवण्यावाचून उपाय नाही.

यानंतर येतो तो माणूस. हलकी रायफल टेबलावर मारणं जड रायफलीपेक्षा अवघड असतं, आणि हे पुष्कळांना पटत नाही, कारण .२२३ चा धक्का खांद्याला जाणवतच नाही. थोडा हिशेब मांडू. ५५ ग्रेनची गोळी म्हणजे साडेतीन ग्रॅम. ती अर्ध्या मीटरच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत स्कोपसकट सव्वातीन किलोंची रायफल अर्धा-पाऊण मिलिमीटर मागे आलेली असते. खांद्याला धक्का कळायच्या आधीची ही गोष्ट. आता दुसरा आकडा: पुढचा आधार आणि मागची पिशवी यांत अर्ध्या मीटरचं अंतर असेल, तर एक टोक ०.१५ मिलिमीटर वर-खाली झालं की १०० यार्डांवर गोळी इंचभर सरकते. कागदाच्या पानाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे मागे सरकण्याच्या त्या पाऊण मिलिमीटरमध्ये रायफल दीड पान जरी वेगळ्या रीतीने उचलली गेली, तरी तुमचा इंचाचा ग्रुप गेला. पाच किलोंची रायफल तुमच्या चुका पोटात घालते. हलकी रायफल त्या कागदावर लिहून देते.

म्हणून सिमेंटवरचा बायपॉड आधी बाजूला ठेवा. कडक पृष्ठभागावर बायपॉडचे पाय उडतात, आणि रायफल जितकी हलकी तितकी उडी मोठी. बायपॉडच वापरायचा असेल तर खाली जाड सतरंजी किंवा रबराची चटई घाला. मी मात्र वाळूच्या पिशव्याच वापरतो. पुढची पिशवी दस्त्याखाली, मॅगझिनच्या (काडतुसांच्या कप्प्याच्या) थोडी पुढे. नळीखाली कधीच नाही. पट्ट्याची कडी पिशवीला लागू देऊ नका, नाहीतर मागे येताना रायफल त्या कडीवर उचकते. मागची पिशवी डाव्या हाताने दाबून उंची जुळवायची सवय असते. दाबा, पण चाप ओढताना तो दाब बदलू नका. जड रायफल मोकळी सोडून मारता येते, हलकी धरावीच लागते. खांदा हलकेच पण पक्का लावायचा, उजव्या हाताने तिला सरळ मागे घ्यायचं आणि गाल टेकवायचा, दाबायचा नाही. किती जोराने धरता यापेक्षा दर वेळी तितकंच धरता का, हे महत्त्वाचं.

चापाचं वजनही, म्हणजे तो ओढायला किती जोर लागतो तेही, पाहून घ्या. सव्वातीन किलोंच्या रायफलीला दोन-सव्वादोन किलोंचा चाप असेल तर ती चापाबरोबरच हलणार. चांगल्या कारागिराकडून तो दीड किलोच्या आत आणून घ्यायला हरकत नाही, पण शिकारीच्या रायफलीचा चाप फार हलका करू नका. गारठलेल्या बोटांनी आणि हातमोजे घालून तो ओढायचा असतो.

कानांचं बोलायला हवं, कारण त्याचा ग्रुपशी संबंध आहे. .२२३ चा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि छपराखाली तो उलटून येतो. माणूस दचकतो तो बहुतेक वेळा धक्क्याला नाही, आवाजाला. मी कानात बोळे आणि वरून मफ असं दोन्ही घालतो, चष्मा तर असतोच. तुमची विसावी-तिसावी गोळी भरकटायला लागली, त्यात नळीचा वाटा किती आणि पापण्या मिटण्याचा किती, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. मित्राला तुमच्या नकळत अधूनमधून रिकामी पुंगळी भरून द्यायला सांगा. चाप ओढल्यावर फुली हलली तर उत्तर मिळालं.

ग्रुपच्या आकड्यांबद्दलही एक गैरसमज काढून टाकू. गोळ्या अगदी निव्वळ योगायोगाने विखुरत असल्या, नळी तापतच नसली, तरी पाच गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने मोठाच येतो. संख्याशास्त्राच्या हिशेबाने तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी एक इंच असेल, तर त्याच रायफलीचा पाच गोळ्यांचा सव्वा इंचाच्या थोडा वर आणि दहा गोळ्यांचा जवळपास एक इंच सहा दशांश येईल. तेव्हा तुमच्या अडीच इंचांपैकी सव्वा इंच तर गणितानेच दिला आहे; भांडण उरलेल्या सव्वा इंचाचं आहे. आणि ‘तीन गोळ्या अर्ध्या इंचात’ असे जे फोटो लोक खिशात घेऊन हिंडतात, त्यांतले बरेचसे वीसातले एक निवडलेले असतात. माझ्याकडेही आहे एक.

आता परीक्षा कशी घ्यायची ते. मला पाच वेगवेगळे दिवस लागतात, आणि रोजची फक्त बारा काडतुसं. एवढ्याने भागतं असं सांगितलं की लोकांचा विरस होतो.

एका कागदावर मधोमध एक ठिपका काढा. हा थंड नळीचा कागद. तो रोज घरी न्यायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा लावायचा. पोहोचल्यावर दुसरं काही न करता त्यावर दोन गोळ्या मारा, शिकारीत मारता तशा, एकीमागून एक. छिद्रांशेजारी दिवसाचा क्रमांक लिहा, पहिली कुठली आणि दुसरी कुठली तेही, बाजूला हवेचं तापमान. पाच दिवसांनी त्या कागदावर दहा छिद्रं असतील. ती रायफल, ती काडतुसं, तुमचा स्कोप, तुमचा हात आणि पाच दिवसांची हवा, सगळं त्यात आलं. मला कुणी एकच कागद दाखव म्हटलं तर मी हा दाखवेन.

दुसऱ्या कागदावर एका ओळीत पाच ठिपके काढा. नळी पुन्हा गार झाली की पहिली गोळी पहिल्या ठिपक्यावर, दुसरी दुसऱ्यावर, अशी पाचवी पाचव्यावर. दोन गोळ्यांमध्ये अर्धा मिनिट. मग बोल्ट उघडा, मॅगझिन काढा, चेंबरमध्ये सुरक्षा-झेंडी (चेंबर रिकामा असल्याची खूण) घाला आणि रायफल तोंड वर करून उभी ठेवा, म्हणजे नळीतून हवा खेळते. नळीला चेंबरच्या पुढे हात लावून पाहा. ५० अंशांच्या पुढे गेलेला धातू माणसाला धरवत नाही. तुम्हाला आरामात मूठ आवळून धरता आली आणि गारच लागली, तरच पुढची फेरी. वीस मिनिटं लागतील, उन्हात जास्त. मग तीच पाच गोळ्यांची फेरी त्याच पाच ठिपक्यांवर. थंड कागदावरच्या दोन आणि या दोन फेऱ्यांच्या दहा, झाली बारा.

पाच दिवसांनी प्रत्येक ठिपक्याभोवती दहा छिद्रं जमतील, आणि इथे रायफल बोलायला लागते. समजा पहिल्या तीन ठिपक्यांवरचे घोळके मध्यावर आहेत, चौथ्यावरचा इंचभर वर-उजवीकडे, पाचव्यावरचा त्याहून वर, पण प्रत्येक घोळका आपापल्या जागी दाट आहे. मग नळी तापून सरकते, पण इमानाने सरकते. अशा रायफलीला मी चांगलीच म्हणतो. तिच्याकडे तीन गोळ्या आहेत, आणि चालत्या शिकाऱ्याला तीन पुष्कळ झाल्या. चौथ्या-पाचव्या ठिपक्यांवर घोळकाच नसेल, छिद्रं चहूकडे उधळली असतील, तर दस्त्याचा स्पर्श, स्क्रू किंवा तुमची धरण्याची पद्धत पुन्हा तपासा. आणि पहिल्याच ठिपक्यावर उधळण असेल तर उष्णतेला दोष देण्यात अर्थ नाही.

कधी कधी फक्त पहिली गोळी वेगळी पडते आणि बाकीच्या एकत्र बसतात. त्याचं कारण बहुतेक वेळा साफसफाई असतं. आदल्या रात्री नळी चकाचक करून आतून तेलाचा हात फिरवला असेल, तर पहिली गोळी त्या तेलातून जाते. कोरडी चिंधी फिरवून तेल काढा, आणि हंगामाआधी दोन-तीन गोळ्या मारून नळी तशीच ठेवा. मी शिकारीच्या दिवसांत नळी तोंडाकडून ओलावा आणि कचऱ्यापासून जपतो, पण विनाकारण घासत नाही.

काडतुसाबद्दल तुमचा मित्र चुकीचा नाही, फक्त घाई करतो आहे. हलक्या रायफली काडतुसांबाबत नखरेल असतात हे खरं. नळीतल्या आट्यांचा पीळ आधी पाहा. तो बहुधा नळीवरच लिहिलेला असतो. बारा इंचांत एक फेरा असेल तर ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्यांवरच राहा. नऊ इंचांत एक असेल तर ६९ ग्रेनपर्यंत साधारण चालतं. व्हार्मिंटसाठी तशाही ४० ते ५५ ग्रेनच्या, पातळ वेष्टणाच्या, लागताच फुटणाऱ्या गोळ्या योग्य. त्या जमिनीवर आपटून उसळण्याचा धोकाही कमी असतो, पूर्ण जात नाही. तीन जातींच्या पेट्या घ्या, प्रत्येकीने थंड नळीतून तीन-तीन गोळ्यांचे चार ग्रुप मारा, आणि सरासरी पाहा. सर्वांत लहान ग्रुपाकडे पाहून निवड करू नका. जी ठरेल तिच्या एकाच लॉटच्या चार-पाच पेट्या घेऊन ठेवा आणि वरची पाच दिवसांची परीक्षा तिनेच घ्या. पेटीवर छापलेला वेग बहुधा २४ इंची नळीत मोजलेला असतो, तुमची नळी आखूड असेल तर तो मिळणार नाही. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) उसना मिळाला तर मोजून घ्या.

आता या सगळ्यातून शिकारीचं अंतर कसं काढायचं? समजा थंड कागदावरची दहाही छिद्रं दीड इंचात आली. हलक्या रायफलीला हे मी उत्तम म्हणतो. हाच फैलाव २०० यार्डांवर तीन इंच होतो आणि ३०० वर साडेचार. उभा राहिलेला प्रेअरी डॉग रुंदीला साडेतीन-चार इंच असतो. म्हणजे वारा नसेल तर २०० पर्यंत तो तुमच्या आवाक्यात आहे, ३०० वर नशिबाच्या. कोयोटीची छाती बरीच मोठी, तिथे ३०० ला रायफल नाही म्हणणार नाही, वारा म्हणेल. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५५ ग्रेनच्या गोळीला १०० यार्डांवर जेमतेम इंचभर ढकलतो, पण २०० वर चार इंचांच्या आसपास. रेंजवर परीक्षा घेतानाही हे विसरू नका. झुळूक आली-गेली तर तुमचा ग्रुप तेवढ्यानेच आडवा फाकतो. वर-खाली फाकला तर धरण्यात किंवा काडतुसात शोधा, आडवा फाकला तर आधी रेंजवरच्या वाऱ्याच्या झेंडीकडे बघा.

झिरो, म्हणजे गोळी नेमकी नेमावर बसते ते अंतर, मी २०० यार्डांना ठेवतो. ३,२४० फूट वेगाच्या ५५ ग्रेन गोळीला १०० वर सुमारे दीड इंच वर बसवलं की २०० वर ती नेमावर येते आणि ३०० वर सातेक इंच खाली जाते. पण हे झिरो ठरवायचं ते थंड कागदावरच्या दहा छिद्रांचा मध्य पाहून. गरम नळीच्या पाच गोळ्यांवर झिरो केलेल्या रायफली घेऊन लोक कुरणात जातात, आणि पहिली गोळी खाली-डावीकडे गेली की स्कोपवर वैतागतात. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं असतं. चौथी-पाचवी वर-उजवीकडे जाते म्हणून ग्रुपचा मध्य वर-उजवीकडे, म्हणून तुम्ही क्लिक फिरवून तो खाली-डावीकडे आणला असता, आणि ज्या तीन गोळ्या खरोखर बरोबर जात होत्या त्या बिघडवल्या असत्या. मधल्या काळात स्कोप फिरवला असेल तर तो आता पूर्ववत करा.

शेवटच्या दिवशी टेबलावरून उठा. काठ्यांच्या आधारावर बसून, मग गुडघ्यावर, मग झोपून, दोन-दोन गोळ्या थंड नळीतून मारा. टेबलावर इंचाची असलेली रायफल काठ्यांवर तीन-चार इंचांची होते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माझीही होते. काठ्यांवर पट्टा किंवा दस्ता टेकतो तिथे दाब बदलतो आणि लवचीक दस्ता पुन्हा नळीला लागू शकतो. टेबलावर आणि काठ्यांवर गोळ्यांचा मध्य वेगळा पडला तर ती कागदाची पट्टी परत काढा.

तर क्रम असा: कागदाची पट्टी आणि स्क्रू, मग वाळूच्या पिशव्या, मग पाच दिवसांचे दोन कागद. थंड कागद पूर्ण झाला की तो मोजा आणि दस्त्याच्या गालाच्या बाजूला चिकटपट्टी लावून त्यावर तीन ओळी लिहा: काडतुसाचं नाव आणि लॉट, थंड नळीची पहिली गोळी कुठे बसते, आणि कितव्या गोळीनंतर थांबायचं. माझ्या हलक्या रायफलीवर तिसऱ्या ओळीत ‘३’ असं लिहिलेलं आहे. तुमच्या रायफलीवर बहुधा तेच येईल. पाच ठिपक्यांचा कागद काही वेगळं सांगायला लागला, तर दोन्ही कागदांचे फोटो आणि छिद्रांचे क्रमांक पाठवा, मग पाहू.